शाळेतले कॅमेरे आणि मुलांचा खासगीपणा : पालकांनी काय विचारायचं, कुणाला आणि कसं

बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाले आणि तिथले कॅमेरे बंद असल्याचं पुढे आलं. त्यानंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी शासनाने निर्णय काढला : सगळ्या शाळांनी महिन्याभरात सीसीटीव्ही बसवायचे, खासगी शाळेने बसवले नाहीत तर तिची मान्यता धोक्यात, आणि मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा फुटेज तपासायचं. निर्णय योग्यच होता. पण कॅमेरे लागले की पालक निर्धास्त होतात आणि शाळाही 'झालं एकदाचं' म्हणून मोकळी होते. ते चित्र कोण बघतं, किती दिवस राहतं, कुणाच्या मोबाइलवर जातं, हे सहसा कुणी विचारत नाही.

माझी मुलगी सांगलीतल्या एका अनुदानित शाळेत शिकते आणि मी तिथल्या पालक-शिक्षक संघात आहे. या विषयावर पत्रं, सभा, माहिती अधिकार सगळं करून झालं. नव्याने समितीत आलेल्या किंवा पहिल्यांदाच हा प्रश्न पडलेल्या पालकांना खेटे घालावे लागू नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

आधी कायदा, जेवढा लागतो तेवढाच

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात तसा निकाल दिला. हा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये येतो आणि तो शाळेच्या फाटकाशी संपत नाही.

दुसरा कायदा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे त्या मे २०२७ मध्ये लागू होतील. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, असं हा कायदा म्हणतो. इथेच बरेच पालक फसतात. 'माझ्या परवानगीशिवाय कॅमेरा लावलाच कसा?' असं म्हणत भांडायला गेलात तर तोंडघशी पडाल, कारण मुलांच्या सुरक्षिततेसाठी लक्ष ठेवायला नियमांनी शाळांना सूट दिली आहे. पण ती सूट सुरक्षिततेपुरती आहे. तेच चित्रण शाळेच्या जाहिरातीत वापरणं किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं तिच्यात बसत नाही. आपला मुद्दा तिथून सुरू होतो.

आणि चेंजिंग रूम किंवा स्वच्छतागृहाच्या आत कॅमेरा हा तर थेट गुन्ह्याचा विषय आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ लक्षात ठेवा.

१. आपली शाळा कुठल्या खात्यात बसते ते नक्की करा

चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज महिनोन्‌महिने फिरत राहतो, म्हणून हे आधी.

जिल्हा परिषदेची शाळा असेल तर मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी आणि शेवटी शिक्षणाधिकारी (प्राथमिक). सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या शाळेसाठी महापालिकेचा शिक्षण विभाग. अनुदानित हायस्कूल असेल तर संस्थेचे सचिव आणि शिक्षणाधिकारी (माध्यमिक). सांगली आणि सातारा दोन्ही जिल्ह्यांचं विभागीय शिक्षण उपसंचालक कार्यालय कोल्हापूरला आहे, जिल्ह्यात दाद लागली नाही तर तिकडे. शाळा सीबीएसईची असेल तर बोर्डाचे नियमही तपासा. जुलै २०२५ मध्ये बोर्डाने वर्ग, जिने, प्रयोगशाळा, मैदान अशा सगळ्या ठिकाणी कॅमेरे सक्तीचे केले, तेही आवाजासह. फक्त स्वच्छतागृहं वगळली. फुटेज किमान १५ दिवस राखायचं आहे.

समितीचंही बघून ठेवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ खाली सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. विनाअनुदानित शाळेत ही समिती सक्तीची नसते, तिथे पालक-शिक्षक संघाकडे जा. शिवाय शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते, निदान कागदावर तरी असते. तिच्यात कोण आहे ते फलकावर लावलंय का बघा.

२. मुख्याध्यापकांना सांगून शाळेत एक फेरी मारा

पत्र लिहिण्याआधी डोळ्यांनी बघा. वेळ मागून जा. 'सर, समितीच्या वतीने कॅमेऱ्यांची जागा बघायची आहे, तुम्ही किंवा बाई सोबत असाल तर बरं' एवढं म्हटलं की सहसा नाही म्हणत नाहीत. चोरून फोटो काढत फिरू नका, त्यात इतर मुलं येतात आणि मग बोलायची सोय राहत नाही.

फाटक, जिना, व्हरांडा, मैदान, मागची बोळ आणि स्वच्छतागृहाकडे जाणारी वाट या ठिकाणी कॅमेरा हवा, आणि तो चालू हवा. मागच्या बोळात नसेल तर तो मागायचा, हेही आपलंच काम आहे. खासगीपणाचं नाव घेऊन सुरक्षिततेला भोक पडू द्यायचं नाही.

मग प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर बघा. कॅमेऱ्याचं तोंड कुठे आहे यावरून काही कळत नाही, चित्रात काय येतं ते महत्त्वाचं. आमच्या शाळेत व्हरांड्यातला कॅमेरा दिसायला अगदी साधा होता. पडद्यावर पाहिलं तर कोपऱ्यात मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार, आणि दार उघडलं की आतला बेसिनचा भाग. दुसऱ्या एका चित्रात, खेळाच्या तासाला मुली ज्या वर्गात कपडे बदलतात त्याची खिडकी. बसवणाऱ्याने मुद्दाम केलेलं नव्हतं. उंच जागा बघितली, स्क्रू मारला आणि निघून गेला. उपाय सोपा असतो. कॅमेरा थोडा वळवायचा, नाहीतर डीव्हीआरच्या (चित्रण साठवणाऱ्या पेटीच्या) सेटिंगमध्ये चित्राचा तेवढा भाग काळ्या चौकटीने झाकायचा. त्याला प्रायव्हसी मास्क म्हणतात, बहुतेक यंत्रांत तो असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मॉनिटर कुठे ठेवलाय तेही बघा. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये, पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे तोंड करून ठेवलेला मॉनिटर मी एकाहून जास्त शाळांत पाहिला आहे. फी भरायला आलेला माणूस, गणवेशाचा विक्रेता, वर्गणी मागायला आलेले मंडळाचे कार्यकर्ते, सगळे निवांत बसून मुलींचा व्हरांडा बघतात. मॉनिटर फिरवला की प्रश्न मिटतो.

वर्गातल्या कॅमेऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जिथे बोर्डाची सक्ती नाही, तिथे वर्गात आवाज टिपणारा कॅमेरा नको. मूल वर्गात चुकतं, रडतं, बाईंना घरचं काहीतरी सांगतं. शिक्षकही दिवसभर कुणीतरी ऐकतंय या धाकात शिकवू शकत नाहीत. हक्क त्यांनाही आहे.

३. डीव्हीआरच्या कपाटाशी थोडा वेळ घालवा

सगळे जण कॅमेऱ्यांकडे बघतात, पण खरी गोम या पेटीत असते. पाच गोष्टी तपासायच्या.

किती दिवसांचं फुटेज राहतं? 'महिन्याचं राहतं' हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. समोर बसून सर्वांत जुनी तारीख उघडायला सांगा. गणित असं : दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला साधारण दोन मेगाबिट चित्रण धरला, तर आठ कॅमेऱ्यांचे दिवसाला सुमारे १७० जीबी होतात. म्हणजे १ टीबीची हार्डडिस्क पाच-सहा दिवसांत भरते आणि जुनं आपोआप पुसायला लागते. कॅमेरे सोळा असतील तर तीन दिवससुद्धा टिकत नाही. आठ कॅमेऱ्यांचं तीस दिवस ठेवायचं तर ६ टीबी लागते. हालचाल झाली तरच रेकॉर्ड करायची सेटिंग ठेवली तर दिवस वाढतात. लहान मूल झालेला प्रकार घरी सांगायला कधी आठवडा घेतं, कधी जास्त. पाच दिवसांचं फुटेज त्याच्या काय कामाचं?

घड्याळ बरोबर आहे का? लाइट गेली, आतला सेल संपलेला असला, की यंत्राची तारीख मागे जाते. फुटेजवरची वेळ चुकीची असेल तर पुढे पोलिसांत आणि कोर्टात पहिला वाद तिथेच होतो. मोबाइलची वेळ आणि यंत्राची वेळ शेजारी धरून बघा, फरक असेल तर लिहून ठेवायला सांगा.

पासवर्ड कुणाकुणाकडे आहे? बसवताना कंपनीचा ठरलेला पासवर्ड असतो आणि बरेचदा तोच राहतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं कॅमेऱ्यांचं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं, तेव्हा असे कमकुवत पासवर्ड किती महागात पडतात ते साऱ्या देशाला कळलं. पासवर्ड बदललेला हवा. तो बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात, आणि माहिती दोघांनाच.

मोबाइल अ‍ॅप कुणाच्या फोनवर चालू आहे? यंत्रावर क्यूआर कोडचं स्टिकर असतं. ते स्कॅन करून, पासवर्ड टाकून फोन जोडता येतो. बसवणाऱ्या दुकानदाराने चाचणीसाठी स्वतःचा फोन जोडलेला असतो आणि तो तसाच राहतो. बदली झालेले मुख्याध्यापक, संस्थेचे माजी पदाधिकारी यांच्या फोनवरही राहून जातं. पासवर्ड बदलल्यावर प्रत्येक फोन नव्याने जोडायला लावा आणि यादी करा. स्टिकरवर कागद चिकटवा.

पेटी ठेवलीय कुठे? कृष्णाकाठच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तळमजल्यावर जे होतं ते गेलं. सांगलीत डीव्हीआर वरच्या मजल्यावरच हवा. जत, आटपाडीकडे पुराची भीती नाही, पण पत्र्याच्या खोलीत, बंद लोखंडी कपाटात यंत्र उन्हाळ्यात तापून बंद पडतं. हवा खेळती ठेवा आणि छोटा यूपीएस जोडा.

नवे कॅमेरे घ्यायचे असतील तर ९ एप्रिल २०२५ पासून सरकारने सुरक्षा चाचणीचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं आहे. कोटेशनसोबत ते मागा.

४. पत्र द्या आणि पोच घ्या

तोंडी बोलणं हवेत विरतं. लागणारे कागद थोडेच : २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाची प्रत (शासनाच्या संकेतस्थळावर मराठीत मिळते), पाल्य त्या शाळेत असल्याचा पुरावा म्हणून ओळखपत्राची किंवा फी पावतीची झेरॉक्स, आणि पत्राच्या दोन प्रती. मजकूर साधारण असा :

"मा. मुख्याध्यापक यांस, सविनय. माझा पाल्य आपल्या शाळेत इयत्ता … मध्ये शिकत आहे. शाळेतील सीसीटीव्हीबाबत पुढील माहिती लेखी मिळावी. (अ) फुटेज किती दिवस जतन केले जाते? (आ) ते पाहण्याचा अधिकार कोणाला आहे व पाहिल्याची नोंद कोणत्या रजिस्टरमध्ये होते? (इ) मोबाइलवर थेट चित्रण कोणाकोणास दिसते? (ई) देखभालीचा करार कोणाशी आहे? (उ) फुटेजची प्रत देण्याची पद्धत काय आहे? मुलांची सुरक्षितता आणि खासगीपणा दोन्ही जपले जावेत एवढाच हेतू आहे."

एवढंच. आरोप, धमकी, वर्तमानपत्रात देण्याची भाषा पहिल्या पत्रात नको. आवक रजिस्टरला नोंद करून दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. 'साहेब नाहीत, उद्या या' असं लिपिक म्हणाले आणि तसंच दोनदा झालं, तर वाद घालत बसू नका. पोस्टातून स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा. मी तेच केलं, आणि उत्तर आलं.

५. सभेत नियमावलीचा ठराव करून घ्या

एकट्या पालकाच्या पत्रापेक्षा समितीचा ठराव जड असतो. सभेच्या नोटिशीत विषय आधी घालायला सांगा, 'आयत्या वेळचे विषय' यात ढकलू देऊ नका. ठरावात आम्ही धरलेले मुद्दे हे : मुख्याध्यापक आठवड्यातून तीनदा फुटेज तपासतील तेव्हा तारीख, वेळ, सही रजिस्टरमध्ये. फुटेज किमान तीस दिवस. मुलींच्या वावराच्या जागांचं फुटेज तपासताना एक शिक्षिका हजर. दर्शनी भागात 'हा परिसर सीसीटीव्ही निगराणीखाली आहे' अशी पाटी आणि खाली जबाबदार व्यक्तीचं पद. फुटेजचा कुठलाही तुकडा कुठल्याही ग्रुपवर जाणार नाही, अगदी स्नेहसंमेलनाचा गमतीचा प्रसंगसुद्धा नाही.

सभेत एक मागणी हमखास येते : 'आम्हाला घरून मोबाइलवर वर्ग दिसू द्या.' दिल्ली सरकारने अशी योजना आणली, ती न्यायालयात गेली आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती द्यायला नकार दिला. म्हणजे कायद्याने दार पूर्ण बंद आहे असं नाही. तरी माझा या मागणीला ठाम विरोध आहे. माझं मूल बघताना मी वर्गातली बाकीची पन्नास मुलंही बघणार, आणि त्या पन्नास घरांतला कुणीही माझं मूल बघणार. त्याच्या घरात फोन कुणाच्या हातात असतो ते मला ठाऊक नाही. स्क्रीनशॉट काढायला क्षण लागत नाही. हे एवढं शांतपणे सांगितलं की मागणी करणारे पालकही थांबतात. इतिवृत्त वाचूनच सही करा. ठराव एक होतो आणि लिहिलं दुसरंच जातं, असं घडतं.

६. काही घडलं आणि फुटेज हवं असेल तेव्हा

इथे घाई लागते, कारण यंत्र पुसत असतं. त्याच दिवशी दोन ओळींचं पत्र : 'दिनांक …, वेळ … ते …, अमुक जागेचं फुटेज जतन करावे, पुसले जाऊ देऊ नये.' प्रत मागण्याआधी जतन करायला सांगा. प्रत द्यायची की नाही याचा घोळ चार दिवस चालला तरी मूळ चित्रण शाबूत राहतं.

किरकोळ बाब असेल, मूल पडलं, दप्तर हरवलं, भांडण झालं, तर मुख्याध्यापकांसमोर बसून बघा. प्रत घेण्याचा आग्रह धरू नका, त्यात दुसऱ्यांची मुलं असतात. 'दाखवा, मी मोबाइलवर शूट करते' हे तर अजिबात नको.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर शाळेच्या चौकशीची वाट बघायची नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेलाही, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. 'आधी आम्ही आपसात बघतो' असं कुणी म्हणालं तर सरळ पोलीस ठाणं गाठा किंवा १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. फुटेज पोलिसांना पंचनामा करून घेऊ द्या. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरलेलं प्रमाणपत्र लागतं. पेनड्राइव्हवर घरी आणलेल्या प्रतीला त्याशिवाय किंमत नाही.

७. उत्तरच आलं नाही तर

सरकारी आणि अनुदानित शाळेत माहिती अधिकाराचा अर्ज चालतो. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा हवा, नाहीतर त्यावरच बोट ठेवतात. मुदत ३० दिवस, पहिलं अपील त्यानंतर ३० दिवसांत, २० रुपयांच्या स्टॅम्पवर.

फुटेज मागू नका. माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये डेटा संरक्षण कायद्याने बदल केल्यापासून वैयक्तिक माहिती नाकारणं सोपं झालं आहे. कागद मागा : खरेदीचं बिल, देखभालीचा करार, तपासणी रजिस्टरच्या ठरावीक महिन्याच्या पानांची प्रत, समितीचा ठराव. आठवड्यातून तीनदा तपासणी होते की नाही ते रजिस्टरच्या पानावर लगेच दिसतं. विनाअनुदानित शाळेबाबत हाच अर्ज शिक्षणाधिकारी कार्यालयात करा आणि शाळेने शासन निर्णयाची अंमलबजावणी केल्याचा अहवाल मागा.

८. चित्रण बाहेर गेलं असेल तर

कुणी ग्रुपवर टाकलेलं दिसलं तर पुढे पाठवू नका, 'बघा काय चाललंय' म्हणूनसुद्धा नाही. ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, मुलांचे चेहरे झाका, आणि ग्रुप अ‍ॅडमिनला ते काढायला सांगा. मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि कुणाकडून गेलं ते रजिस्टर व जोडलेल्या फोनच्या यादीवरून शोधायला सांगा. या यादीचा उपयोग अशा वेळी कळतो. तक्रार पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, तिथे महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे.

पीडित बालकाची ओळख उघड करायला पोक्सोचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं. ही मनाई आपल्या अर्जांनाही लावून घ्या. मुलाचं नाव फक्त पोलिसांच्या तक्रारीत असू द्या. शाळा, शिक्षण विभाग, संस्था यांना जाणाऱ्या प्रतींवर 'इयत्ता … मधील विद्यार्थी' एवढंच लिहा आणि तक्रारीचा क्रमांक द्या, कारण ती फाइल किती टेबलांवरून जाणार आहे ते आपल्या हातात नसतं.